वापरलेली एस२००० घेताना: आधी इंजिन ऐका, मग रंग बघा

टोयोटाच्या जीआर सुप्राचं बॉनेट उघडलं की बीएमडब्ल्यूचं इंजिन दिसतं, टोयोटाच्याच जीआर८६ मध्ये सुबारूचं. होंडा एस२००० (१९९९ ते २००९) मध्ये अशी भागीदारी नाही. तिचं मूळ दोन लिटरचं एफ२०सी इंजिन टर्बोशिवाय, जपानी आवृत्तीत ८,३०० आरपीएमला २५० पीएस (अश्वशक्ती) देतं. लाल रेघ, म्हणजे इंजिन फिरवायची मर्यादा, ९,००० वर. ओढ याचीच. अडचणही याचीच, कारण हे इंजिन होंडाने रस्त्यावरच्या दुसऱ्या कुठल्याच गाडीत दिलं नाही. स्वस्तातला सुटा भाग शोधत फिरायला जागाच नाही, म्हणून तपासणीत कंजुषी नको. (भारतात ही गाडी अधिकृतपणे कधी विकली गेली नाही, हे प्रामुख्याने जपान, इंग्लंड, अमेरिकेतल्या मंडळींसाठी.)

मालकाला आधीच सांगा, इंजिन गार ठेव. तुम्ही पोचायच्या आत त्याने तापवून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी या. गार स्टार्टला पुढच्या बाजूने खडखड आली, तर बहुधा टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर गेलाय. तो बदलता येतो. त्यावर भाव पाडून घ्या.

खरी भीती चुकीच्या गिअरची. पाचव्यातून चौथ्याऐवजी दुसरा पडला, की चाकंच इंजिनाला ओढून ९,००० च्या पार नेतात. तिथे इंधन तोडून आरपीएम रोखणारा रेव्ह लिमिटर काही करू शकत नाही. सुरुवातीच्या गाड्यांत (कंपनीचा कोड एपी१) यामुळे व्हॉल्व्ह स्प्रिंगचे रिटेनर, म्हणजे स्प्रिंग वरून धरून ठेवणाऱ्या चकत्या, तडकतात. व्हॉल्व्ह कव्हर काढून टॉर्चने एकेक रिटेनर बघा: एखादा इतरांपेक्षा खाली बसलाय किंवा मधली कॉटर (रिटेनर व्हॉल्व्हला अडकवणारी छोटी पाचर) वर आलीय, तर गाडी सोडा. कव्हर उघडलंच आहे तर व्हॉल्व्हचा गॅपही मोजा. गार इंजिनात इनटेक ०.२१ ते ०.२५ मिमी, एक्झॉस्ट ०.२५ ते ०.२९ मिमी.

नंतर चारही सिलिंडरची कॉम्प्रेशन (दाब किती तयार होतो) आणि लीक-डाउन (भरलेली हवा किती गळते) चाचणी. हा खर्च टाळू नका. सिलिंडरच्या भिंती फायबर मिसळलेल्या धातूच्या आहेत, त्यामुळे नेहमीच्या वर्कशॉपात बोअर करून ओव्हरसाइझ पिस्टन टाकणं जमत नाही. ही इंजिनं थोडं ऑइल खातातच. डिपस्टिक कोरडी दिसली, तर मात्र मालकाने लक्ष दिलेलं नाही हे उघड आहे. फिल्टरसकट ४.८ लिटर लागतं.

चालवून बघताना इंजिन नीट तापू द्या. गार इंजिनात व्हीटेक (जास्त आरपीएमला व्हॉल्व्ह अधिक उघडणारी होंडाची यंत्रणा) लागत नाही, तो बिघाड नव्हे. तापल्यावर सहा हजारांच्या आसपास आवाज आणि ओढ दोन्ही बदलायला हवेत. नाही बदलले, तर आधी ऑइलची पातळी बघा, मग व्हीटेक सोलेनॉइड (व्हीटेककडे ऑइल सोडणारा विजेवरचा व्हॉल्व्ह). दुसऱ्या गिअरला खरखर झाली तर सिंक्रो (गिअर अलगद जुळवणारी रिंग) झिजलाय.

खालून बघताना अलाइनमेंटचे बोल्ट पान्याने हलवून बघायला सांगा. इंग्लंडसारख्या ओल्या, मिठाच्या रस्त्यांवर ते बुशमध्ये (सस्पेन्शनच्या रबरी जोडांत) गंजून अडकतात, मग कापूनच काढावे लागतात. सुरुवातीच्या गाड्यांची मागची बाजू ओल्यात पटकन सुटते, तेव्हा टायर एकाच कंपनीचे आणि मूळ मापाचे हवेत: पुढे २०५/५५ आर१६, मागे २२५/५० आर१६. चारही वेगवेगळे असतील, तर नव्या संचाची किंमत सांगितलेल्या भावातून वजा करा.