पाळणाघर निवडताना या चुका टाळा, आणि सकाळी अकराला बघायला तर जाऊच नका

"ताई, तीन पाळणाघरं बघून आलो. तिन्ही छान आहेत. कुठलं घेऊ?"

हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेलाय की मी आता उलट एकच विचारते: किती वाजता बघितलीत? उत्तर जवळजवळ ठरलेलं असतं. फोन करून, वेळ घेऊन, सकाळी अकराच्या सुमारास.

अकरा वाजता कुठलंही पाळणाघर छानच दिसतं. मुलांची पोटं भरलेली असतात, झोपेला अवकाश असतो, सगळ्या ताया कामावर असतात, फरशी नुकतीच पुसलेली असते आणि बोलायला संचालिका स्वतः समोर असतात. त्या वेळी तुम्हाला पाळणाघराची उत्तम घटका दिसते. तुमच्या मुलाला मात्र तिथे आठ-नऊ तास काढायचे असतात, आणि त्यातला सगळ्यात अवघड तास संध्याकाळचा शेवटचा. मुलं दमलेली, काहींना भूक लागलेली, काहींचे डोळे दाराकडे. निम्म्या ताया घरी गेलेल्या. जागा कशी आहे ते त्या तासात कळतं.

तान्ह्यांच्या खोलीत चौदा वर्षं काम केल्यावर आज मी हे ठामपणे सांगते, पण शिकले ते माझ्या स्वतःच्या लेकीच्या वेळी. तेव्हा मी या कामात नव्हते. ती अकरा महिन्यांची होती. मी जागा बघितली, अर्थातच अकरा वाजता. भिंतींवर सुंदर चित्रं, इवल्याशा खुर्च्या, नावं लिहिलेले कप्पे. मी त्याच दिवशी नाव घातलं. तीन आठवड्यांनी एकदा काम लवकर आटोपलं म्हणून नेहमीपेक्षा तासभर आधी गेले. दोन खोल्यांतली मुलं एका खोलीत आणली होती. नऊ मुलं आणि एक ताई. नवांतली तीन तर वर्षाच्या आतली. एक बाळ ताईच्या मांडीवर रडत होतं, दुसरं तिचा गुडघा धरून उभं होतं, दोघं एका गाडीवरून भांडत होते. माझी लेक कोपऱ्यातल्या खुर्चीत पट्ट्यानं बांधलेली होती. बाही लाळेनं कोपरापर्यंत ओली. एका हातानं ती स्वतःचा कान ओढत होती आणि समोरच्या भिंतीकडे बघत होती. रडत नव्हती.

रडत नाहीये म्हणून मला आधी बरंच वाटलं. रात्री अंथरुणावर पडल्यावर उमगलं की रडून कुणी येत नाही हे तिला कळून चुकलं होतं.

तिथे कुणी दुष्ट नव्हतं. ती ताई तर मनानं फार चांगली होती. पण बाईला दोनच हात असतात.

म्हणून माझा पहिला आग्रह मोजण्याचा. "तुमच्याकडे किती कर्मचारी आहेत?" असं विचारलंत की स्वयंपाकाच्या बाईंपासून कार्यालयातल्या माणसापर्यंत सगळे त्या आकड्यात येतात. विचारायचं असं: याच खोलीत, संध्याकाळी सहा वाजता, किती मुलं आणि किती माणसं असतात? दुपारी मुलं झोपलेली असताना किती? एखादी ताई रजेवर असली तर तिच्या जागी कोण येतं? अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या शिफारशींत वर्षाच्या आतल्या दर तीन बाळांमागे एक मोठं माणूस सांगितलंय, आणि एक ते तीन वर्षांच्या दर चार मुलांमागे एक. इंग्लंडच्या नियमांतही दोन वर्षांच्या आतल्या तिघांमागे एक असंच प्रमाण आहे. तुम्ही राहता तिथला नियम वेगळा असेल, तो माहीत करून घ्या. पण नियमावर भिस्त ठेवू नका, स्वतः उभं राहून डोकी मोजा. माझी साधी कसोटी ही: आत्ता आग लागली, तर ही बाई किती तान्ही उचलून बाहेर पळू शकेल?

मोजून झालं की हात बघा. तायांचे हात.

बाळाचं नाक वाहतंय. एक ताई मागून येते, कपड्यानं नाक पुसते, बाळ दचकून मान झटकतं, ताई पुढच्या बाळाकडे जाते. दुसरी ताई समोर येऊन बसते, कपडा दाखवते, "नाक पुसू या?" म्हणते आणि क्षणभर थांबते. बाळ तोंड थोडं वर करतं. मग ती पुसते. फरक फार तर पाच सेकंदांचा. दिवसभरात असे पन्नास प्रसंग येतात, आणि पन्नास वेळा त्या बाळाला एक तर कळतं की मी माणूस आहे, नाही तर कळतं की मी एक काम आहे. हंगेरीच्या बालरोगतज्ज्ञ एमी पिकलर यांनी १९४६ मध्ये बुडापेस्टला अनाथ बाळांसाठी घर सुरू केलं, तेव्हा त्यांचा सगळा भर याच गोष्टीवर होता. लंगोट बदलणं, आंघोळ, भरवणं ही उरकायची कामं नव्हेत, बाळाशी नातं जुळण्याची वेळ तीच, असं त्या मानत. म्हणून बघायला जाल तेव्हा लंगोट बदलताना बघायची परवानगी मागा. तिथे कळतं तेवढं माहितीपत्रकातून कधीच कळत नाही. हात धुतात का, साबणानं धुतात का, तेही तिथेच दिसतं. नुसत्या सॅनिटायझरनं पोट बिघडवणारे सगळे विषाणू मरत नाहीत, नोरोव्हायरस तर त्याला फारशी दाद देत नाही.

आता माझ्या जिवाला सगळ्यात लागणारी चूक. मूल खेळात रमलेलं बघून गुपचूप निघून जाणं.

चौदा महिन्यांचा एक मुलगा होता. वडील पहिल्या दिवशी घेऊन आले, ठोकळ्यांपाशी बसले, दोघांनी मिळून मनोरा रचला. मुलगा पुढचा ठोकळा शोधायला वळला तसे वडील चपला हातात घेऊन बाहेर पडले. मी "सांगून जा हो" म्हणेपर्यंत दार लागलं होतं. मुलगा ठोकळा घेऊन वळला, दाखवायला हात पुढे केला, आणि हात तसाच राहिला. पहिला मिनिटभर तो रडलाही नाही. वडील बसले होते त्या जागेकडे बघत राहिला.

पुढचे तीन आठवडे तो पोर दाराकडे पाठ करून बसला नाही. जेवताना नाही, खेळताना नाही. ठोकळ्यांना हात लावला नाही. पिशवीचा बंद मुठीत धरून झोपायचा. वडिलांनी दोन दिवसांची सुट्टी काढली होती. शेवटी आम्हाला सगळं पहिल्या दिवसापासून सुरू करावं लागलं, आई रोज तासभर येऊन बसायची, आणि मूल रुळायला महिना गेला.

साधारण आठव्या महिन्यापासून बाळाला आई-बाबा दिसेनासे झाले की घाबरायला होतं. दहा ते अठरा महिन्यांत ही भीती सर्वांत तीव्र असते. ही वाढीतली नेहमीची पायरी आहे, लाडावल्याचं लक्षण नव्हे. या वयात गुपचूप निघून गेलात तर मूल एवढंच शिकतं की खेळात रमलं की आपलं माणूस नाहीसं होतं. मग ते रमेल कशाला?

"सोमवारी कामावर रुजू व्हायचंय, शुक्रवारी आणून सोडतो" असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो, मी लपवत नाही. नोकरीची ओढाताण मला कळते, मीही त्यातून गेलेय. पण तारीख महिनोन्‌महिने आधी माहीत असते, आणि बाळाच्या वाट्याला दोन दिवस येतात. जर्मनीत बऱ्याच ठिकाणी वापरतात ती बर्लिन पद्धत मला पटते. पहिले तीन दिवस आई किंवा बाबा मुलासोबत तासभर खोलीतच बसतात, दूर जाण्याचा प्रयत्नच करत नाहीत. चौथ्या दिवशी पहिल्यांदा मुलाला सांगून खोलीबाहेर जातात, फार तर अर्धा तास. चौथा दिवस सोमवारी येत असेल तर तेही मंगळवारवर ढकलतात, कारण दोन दिवस घरी राहून आलेल्या मुलाला सोमवार जड जातो. मूल ताईकडून शांत होत नसेल तर रुळायला दोन-तीन आठवडे द्यायचे. मी घरच्यांना सरळ सांगते, दोन आठवडे हाताशी ठेवा. लागले नाहीत तर आनंदच.

निघताना माझा नियम सोपा. एकच वाक्य, रोज तेच. "बाबा कामाला जातो, तू झोपून उठलीस की घ्यायला येतो." एक पापा, ताईच्या हातात मूल, आणि निघायचं. दारातून परत वळायचं नाही, खिडकीतून डोकवायचं नाही. रडलं तर रडू द्या, निरोप घेताना रडणं यात बिघडलेलं काही नाही. बघायचं ते एवढंच की रडणारं मूल ताईच्या खांद्यावर डोकं टेकतं का. आणि संध्याकाळी तुम्हाला बघताच त्यानं भोकाड पसरलं तर दिवस वाईट गेला असं लगेच समजू नका. दिवसभर धरून ठेवलेलं ते हक्काच्या माणसापाशी सोडतं.

बाकीच्या चुका थोडक्यात, पण त्यातली झोपेची महत्त्वाची. वर्षाच्या आतलं बाळ प्रत्येक झोपेला उताणंच झोपवायचं. टणक, सपाट गादी, आणि आत ना उशी, ना दुलई, ना मऊ खेळणं. अमेरिकेत १९९४ मध्ये याची मोठी मोहीम सुरू झाली आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या निम्म्याहून खाली आली. घरी उताणं झोपणाऱ्या बाळाला नव्या ठिकाणी पालथं झोपवलं तर धोका आणखी वाढतो. "पालथं लवकर झोपतं" म्हणणारी ताई कितीही मायाळू असो, तिथे बाळ ठेवू नका.

खेळण्यांच्या टोपलीत हात घालून बघा. साधारण ३२ मिलिमीटर रुंदीच्या नळीत मावेल अशी कुठलीही वस्तू तीन वर्षांच्या आतल्या मुलांपाशी नको.

कॅमेरे आहेत म्हणून निर्धास्त होऊ नका. कॅमेरा कोणाला कडेवर घेत नाही. कामावर बसून दिवसभर त्या पडद्याकडे बघणारी आई शांत राहिलेली मी तरी पाहिली नाही.

तापाचा नियम आधी विचारा आणि तुम्हीही पाळा. सकाळी औषध पाजून ताप उतरवून मूल आणून सोडणं ही बाकीच्या मुलांशी केलेली फसवणूक आहे. पहिल्या वर्षी सर्दी-पडसं वरचेवर होणार, त्या दिवसांत घरी कोण थांबणार हे पाळणाघर ठरवण्याआधी ठरवा.

घरी येऊन सांभाळणारी मावशी ठेवत असाल तर आधीच्या घरी फोन करा, आणि "कशी होती?" ऐवजी "परत ठेवाल का?" विचारा. पलीकडून येणारं उत्तर आणि त्याआधीची शांतता, दोन्ही ऐका. मावशींना मी एक प्रश्न हमखास विचारते: बाळ दोन तास रडतंय, काही केल्या थांबत नाही, तुम्ही काय कराल? "माझ्याकडे मुलं रडतच नाहीत" या उत्तराची मला भीती वाटते. "बाळाला सुरक्षित खाली ठेवीन, दोन मिनिटं बाजूला होईन, तुम्हाला फोन करीन" म्हणणारी मला हवी. वैतागाच्या भरात बाळाला गदागदा हलवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते, आणि वैताग चांगल्या माणसालाही येतो.

आणखी एक चूक, हिच्यावर फार कमी बोललं जातं. मुलाला सोडून जातोय या अपराधी भावनेत आई-वडील प्रश्नच विचारत नाहीत. हा विषय लवकर मिटावा असं त्यांना वाटतं. अमेरिकेत १९९१ मध्ये सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासात १,३०० हून अधिक मुलांचा जन्मापासून माग ठेवला गेला. मुलाच्या घडणीत बाहेरच्या सांभाळापेक्षा घरचं वातावरण जास्त मोलाचं ठरतं, आणि सांभाळ चांगला असेल तर भाषा आणि समज यांत मुलं थोडी पुढेच असतात, असं त्यातून दिसलं. मुलाला ठेवणं हा गुन्हा नव्हे. तेव्हा ताठ मानेनं जा, आणि खुशाल विचारा.

जागा चुकली असं वाटलं तर? चार दिवसांत पळ काढू नका, कारण चार दिवस कुणालाच पुरत नाहीत. पण महिना उलटूनही मूल तिथल्या एकाही माणसाकडे झेपावत नसेल, किंवा न कळवता भेट देण्याला ते नाराज होत असतील, तर भरलेले पैसे विसरा आणि निघा.

माझ्या लेकीला मी चौथ्या आठवड्यात काढलं. दुसरी जागा म्हणजे एका मावशींचं घर होतं. भिंतींवर काही नव्हतं, सतरंजी जुनी, खेळणी मोजकी, आणि लेकीला धरून तीन मुलं. मी संध्याकाळी साडेसहाला गेले, न सांगता. मावशींनी मला बसा म्हटलं आणि त्या लेकीसमोर खाली बसल्या. हात पुढे केला नाही, नुसत्या बसून राहिल्या. दहा मिनिटं झाली असतील. मग माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, "झोप आली की ही कान ओढते का हो?"