मनातल्या बोचऱ्या वाक्याला पर्याय कसा शोधावा

आरशासमोर उभं राहून ‘मी सर्वोत्तम आहे’ असं दहा वेळा म्हणा, हा सल्ला सर्रास दिला जातो. ज्याला मुळातच स्वतःबद्दल बरं वाटतं, त्याला त्याचा थोडाफार उपयोग होतो. आत्मविश्वास आधीच ढासळलेला असेल, तर मात्र अशी वाक्यं उलटतात. मानसशास्त्रज्ञ जोॲन वुड आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत नेमकं हेच दिसलं. आपण ‘मी सर्वोत्तम’ म्हणतो न म्हणतो तोच मन जुन्या चुकांची यादी काढून बसतं. म्हणून मनातल्या बोचऱ्या वाक्याच्या जागी ठेवायचं पर्यायी वाक्य गोड असण्यापेक्षा पटणारं असावं.

पहिलं काम ते बोचरं वाक्य पकडण्याचं, आणि सगळ्यात अवघडही तेच. मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात ज्यांना ‘आपोआप येणारे विचार’ म्हटलं, ते क्षणात येऊन जातात. मागे फक्त खट्टू झालेलं मन उरतं. तेव्हा मूड अचानक उतरला, पोटात गोळा आला, जबडा आवळला गेला की लगेच विचारायचं: ‘आत्ता मनात काय येऊन गेलं?’ जे आलं ते जसंच्या तसं, शिवीसकट लिहायचं. सभ्य करून लिहिलं की त्यातला डंख निघून जातो आणि मग तपासायला काही उरत नाही.

इथे तीन गफलती नेहमी होतात. ‘खूप वाईट वाटलं’ ही भावना झाली, विचार नाही. ‘ते माझ्याकडे बघून हसले’ हा प्रसंग झाला. आणि ‘माझ्याच बाबतीत असं का होतं?’ हा प्रश्न आहे. प्रश्न खोडता येत नाही, म्हणून त्यामागचं विधान काढायचं: ‘माझ्यातच काहीतरी खोट आहे.’

आता कागद आडवा धरून पाच रकाने आखा: प्रसंग, भावना, वाक्य, दोन्ही बाजूंचे पुरावे, पर्यायी वाक्य. भावना किती तीव्र आहे आणि वाक्य किती पटतं, यांना शंभरपैकी आकडे द्या. समजा, बैठकीत मांडलेला एक आकडा चुकला आणि मनात आलं, ‘माझ्याकडून एक काम धड होत नाही.’ पटतं ८५. या वाक्याच्या बाजूचे पुरावे आधी आणि प्रामाणिकपणे लिहायचे: आकडा चुकला हे खरं, मागच्या अहवालातही एक दुरुस्ती निघाली होती. विरुद्ध बाजू: बाकीचे तक्ते बरोबर होते, चूक तिथल्या तिथे सुधारली, पुढचा अहवालही माझ्याकडेच आला. ‘साहेब मनातून चिडले असणार’ हे कुठल्याच बाजूला लिहायचं नाही. दुसऱ्याच्या मनातलं वाचणं हा पुरावा नव्हे.

यातून वाक्य तयार होतं: ‘आज आकडा चुकला, कारण शेवटची तपासणी राहिली. बाकीचं काम नीट होतं. पुढच्या वेळी पाठवण्याआधी बेरीज पुन्हा करेन.’ यात स्वतःची स्तुती कुठेच नाही, तरी ते ७० पर्यंत पटू शकतं, आणि मूळ वाक्य ८५ वरून ५० वर आलं तरी पुष्कळ झालं. ते शून्यावर आणायच्या नादी लागू नका. पर्यायी वाक्य पन्नासच्या खाली पटत असेल, तर ते जास्त गोड झालंय. थोडं खाली उतरवा. ‘नेहमी’, ‘कधीच’, ‘सगळे’ हे शब्द दोन्ही वाक्यांत शोधून काढून टाका.

विरुद्ध बाजूला काही सुचतच नसेल, तर स्वतःला नावाने हाक मारून ‘तू’ म्हणत लिहून बघा. मानसशास्त्रज्ञ ईथन क्रॉस यांच्या २०१४ मधल्या प्रयोगांत स्वतःशी असं बोलणाऱ्यांना ताणाच्या प्रसंगी कमी त्रास झाला. मित्राला जे सहज सांगतो, ते स्वतःला सांगायला एवढं अंतर लागतंच.

कधी कधी तपासाअंती मूळ वाक्यच खरं निघतं. ‘माझी तयारी झालेली नाही’ हे वस्तुस्थितीला धरून असेल, तर विचार बदलत बसू नका, तयारीला लागा.

हे सगळं मनातल्या मनात करू नका. तिथे जुनं वाक्यच जिंकतं. एका वेळी एकच वाक्य घ्या, पंधरा मिनिटांत आटपा. अंथरुणावर पडल्यावर तर हा उद्योग नकोच, त्याचं उगाळणं होतं. विचार जबरदस्तीने दाबूही नका: मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये एका प्रयोगात लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं, तर अस्वल पुन्हा पुन्हा डोकावत राहिलं.

उदासी दोन आठवडे रोज टिकून असेल, झोप-भूक बिघडली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील, तर रकाने भरत बसू नका. त्याच क्षणी जवळच्या माणसाला सांगा आणि डॉक्टर गाठा.