विरळणीनंतर सागाची उंची मोजताना या चुका टाळा

रामटेक-देवलापारकडच्या सागाच्या रोपवनात विरळणी (दाटी कमी करायला काही झाडे तोडणे) झाली की पुढच्या मोजणीत सरासरी उंची वाढलेली दिसते. ही वाढ बऱ्याचदा खरी नसते. समजा, १३ मीटरची पाच आणि १० मीटरची पाच झाडे आहेत. सरासरी ११.५ मीटर. १० मीटरची, शेजारच्या झाडांखाली दबलेली पाच तोडली की सरासरी १३ झाली, पण एकही झाड बोटभरसुद्धा वाढले नाही! म्हणून दोन मोजण्यांची तुलना सरासरीने करू नका. हेक्टरी सर्वांत जाड १०० झाडांची उंची धरा, म्हणजे ०.१ हेक्टरच्या नमुना प्लॉटमध्ये १० झाडे.

२×२ मीटरच्या लागवडीत पहिल्या विरळणीला एक आड एक तिरपी ओळ काढतात. तिथे निवड नसल्याने सरासरी फारशी उडी मारत नाही. विरळणी कोणत्या पद्धतीची झाली, हे नोंदवहीत लिहायलाच हवे.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे व्यासावरून उंची काढायला जुनाच आलेख वापरणे. जागा मोकळी झाली की खोड झपाट्याने जाड होते, उंचीचा वेग मात्र जवळपास तोच राहतो. १८ सेंमी व्यासाचे, १५ मीटरचे झाड समजा २२ सेंमीचे झाले. जुना आलेख १७.५ मीटर सांगेल, प्रत्यक्षात ते १६ मीटरच असू शकते. तेवढे घनफळ कागदावर फुगते. नुसत्या घेरावर बेतलेल्या स्थानिक घनफळ तक्त्यातही हाच दोष शिरतो. विरळणीनंतर दोन-तीन वर्षांनी बारीक ते जाड अशा सर्व व्यासवर्गांतली २५-३० झाडे मोजून आलेख नव्याने काढा. व्यास जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवरच घ्या.

उलटही घडते: विरळणीनंतर झाडे ‘आखूड’ झालेली दिसतात. तेव्हा आधीची मोजणी तपासा. दाट रोपवनात मागे सरकायला जागा नसते. १८ मीटरच्या झाडापासून १० मीटरवर उभे राहून, खोडापासून २ मीटर पुढे आलेली १६ मीटर उंचीवरची फांदी शेंडा समजली, तर क्लिनोमीटर (कोनावरून उंची काढण्याचे उपकरण) १९.६ मीटर दाखवतो. झाडाच्या उंचीइतके तरी मागे जा. उतारावर टेपने आडवे अंतर घ्या. झाड झुकलेले असेल, तर झुकावाच्या काटकोनातून वाचन घ्या. सागाची पाने गळाल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये, शेंडा स्वच्छ दिसतो. पावसाळ्यात त्या रुंद पानांआड तो हमखास हरवतो.