दोन रंगांची नक्षी आखडू नये म्हणून

परभणीत डिसेंबरची थंडी पडली की लोकरीच्या पिशव्या बाहेर निघतात. यंदा स्वेटरवर दोन रंगांची नक्षी विणायला शिकायची असेल, तर बाहीपासून सुरुवात करा. घेर लहान असतो, चुकलं तरी थोडंच उसवावं लागतं.

खरी मेख मागच्या बाजूला आहे. हिमरू शाल, म्हणजे मराठवाड्यातली हातमागावरची नक्षीदार शाल, उलटी करून बघा, नक्षीचे धागे मागे मोकळे धावतात. स्वेटरमध्येही एक रंग विणताना दुसरा मागून जातो. तो ताणला गेला की वीण आखडते. माझ्या पहिल्या स्वेटरच्या बाहीतून लेकराचा हातच जाईना, फार जीव हळहळला. म्हणून रंग बदलताना उजव्या सुईवरचे टाके बोटांनी नीट पसरवा, मगच नव्या रंगाचा टाका घ्या. एकच रंग पाच टाक्यांहून जास्त चालला, तर मधेच मागचा धागा विणत्या धाग्याला वेढा देऊन अडकवा. नाहीतर घालताना बोटं त्यात गुंततात.

तरीही घट्टच येतंय? नक्षीच्या ओळींपुरती एका नंबरने जाड सुई घ्या. आणि रंग निवडताना एक गडद, एक फिका. मरून आणि चॉकलेटी शेजारी आले की एवढी मेहनत दिसतच नाही.