शरदात पुण्याला येताय? आधी पंचांग उघडा

पुण्यातले सण बघायला यायचं म्हटलं की लोक आधी हॉटेल बघतात, मग गाडी बघतात आणि सण नेमका कधी आहे ते सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा करा. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे पुढचे सगळे सण लांबलेत. घटस्थापना ११ ऑक्टोबरला, दसरा २० ऑक्टोबरला, कोजागरी २५ला आणि लक्ष्मीपूजन थेट ८ नोव्हेंबरला. आदल्या वर्षी घट बसले होते २२ सप्टेंबरला, म्हणजे जवळजवळ तीन आठवड्यांचा फरक. हा फरक फक्त रजेच्या अर्जापुरता नसतो. कासच्या पठारावरची फुलं आणि नवरात्र एकाच फेरीत बघायचा बेत कुणी केला असेल, तर त्याला २०२६ मध्ये दोन फेऱ्या माराव्या लागतील, कारण घट बसेपर्यंत पठारावरचा बहर ओसरत आलेला असतो. फुलं तिथीप्रमाणे चालत नाहीत.

तारखा कळल्या की दुसरा प्रश्न स्वतःला विचारायचा: पुण्यात हक्काचं घर आहे का? मावशी, आत्या, जुना रूममेट, कुणीही चालेल. असेल तर दिवाळीला या. नसेल तर नवरात्रात या. दिवाळी हा घरातला सण आहे. पहाटेचं अभ्यंगस्नान, पाटाभोवतीची रांगोळी, ताटातला फराळ, भाऊबीजेची ओवाळणी हे सगळं दाराच्या आत घडतं आणि लॉजवर राहिलेल्या माणसाच्या वाट्याला फक्त आकाशकंदील आणि फटाक्यांचा धूर येतो. नवरात्राचं तसं नाही. ते रस्त्यावर, देवळात आणि सोसायटीच्या आवारात चालतं. कुणीही जावं आणि उभं राहावं.

तिकिटाचं लवकर आटपा. रेल्वेचं आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी खुलतं, त्यामुळे दिवाळीची गाडी हवी असेल तर गणपतीच्या आसपासच मोबाइल घेऊन बसायला हवं. खासगी बसवाल्यांना एसटीच्या भाड्याच्या दीडपटीपर्यंतच भाडं घेता येतं, असा सरकारचा नियम आहे. तो माहीत असावा, म्हणजे निदान भांडता तरी येतं. राहायला जागा शिवाजीनगर, डेक्कन किंवा स्वारगेटच्या आसपास घ्या. सदाशिव-नारायण पेठेत मिळाली तर उत्तमच, पण मग स्वतःची चारचाकी आणू नका. सणाच्या दिवसांत लक्ष्मी रस्त्यावर गाडी घालणं म्हणजे गाडीत बसून बाजार बघणं.

कपड्यांच्या बाबतीत हा ऋतू फसवा आहे. ऑक्टोबरात दुपारी पारा ३२-३३ अंशांवर जातो आणि ऊन चटके देतं. परतीचा पाऊस अजून गेलेला नसेल तर दुपारी चारला ढग जमतात, गडगडतात आणि अर्ध्या तासात रस्त्याचा ओढा करून जातात. नोव्हेंबर लागला की पहाटे अंगावर काटा येतो. म्हणून दिवसासाठी सुती कपडे, नवरात्राला येत असाल तर घडीची छत्री आणि दिवाळीला येत असाल तर पातळ स्वेटर किंवा शाल. पायात पटकन काढता-घालता येईल अशी चप्पल असावी, कारण एका सकाळी चार देवळं केली तर चार वेळा ती काढायची असते. एक सणाचा कपडा मात्र बॅगेत हवाच. कुणाच्या घरी ऐन वेळी बोलावणं आलं आणि तुम्ही ट्रॅकपँटवर गेलात, तर कुणी काही बोलणार नाही. बघतील मात्र. शिवाय दोन कापडी पिशव्या आणि दहा-वीसच्या नोटांची चळत घ्या. क्यूआर कोड आता फुलवालीकडेही असतो, पण गर्दीत तिच्या मोबाइलवर पैसे आल्याचा आवाज यायची वाट बघत उभं राहणं नको वाटतं.

आता पायी फिरायची अर्धी सकाळ मोकळी ठेवा. जुन्या शहराच्या पोटातून मेट्रो जाते हे फार सोयीचं झालंय. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला आणि पेठांत जाण्यासाठी दुचाकी लागते ही सबबच संपली. कसबा पेठ स्थानकावर उतरा, फडके हौदाजवळ बाहेर या. कसबा गणपतीला नमस्कार करून कुंभारवेशीकडे वळा. दसऱ्यानंतर इथे मातीच्या पणत्यांचे ढीग लागतात आणि त्यांच्या शेजारी किल्ल्यावरची चित्रं: सिंहासनावरचे महाराज, भाला घेतलेले मावळे, तोफा, पाण्याचा हंडा घेतलेल्या बायका आणि का कोण जाणे, एखादा वाघसुद्धा. पणती घेताना ती उलटी करून टिचकी मारा. नीट भाजलेली खणखणते, कच्ची बदबद वाजते आणि रात्रभर तेल पिते. तिथून शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावरून अप्पा बळवंत चौकात या. दिवाळीच्या आधी या चौकात दिवाळी अंकांची चळत लागते. १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, ती परंपरा अजून टिकून आहे. उभ्या उभ्या चार अंक चाळा, पण एक तरी विकत घ्या. पुढे ग्रामदेवता तांबडी जोगेश्वरी, मग तुळशीबाग आणि शेवटी महात्मा फुले मंडई. मंडईची दगडी इमारत १८८६ची आहे. भाजी घ्यायची नसली तरी आत जा आणि मान वर करून एकदा छत बघा. मंडई स्थानक जवळच आहे, परत मेट्रो. सगळं मिळून चालणं दोन-अडीच किलोमीटरचं, पण सकाळी आठला निघालात तर. अकरानंतर हेच अंतर दुप्पट वाटतं.

पुण्यातला शरद पहाटे आणि सकाळी बघायचा असतो, हे एकदा मनाशी पक्कं करा. सेनापती बापट रस्त्यावरच्या चतुःशृंगीला नवरात्रात यात्रा भरते. संध्याकाळी गेलात तर पाळणे, खेळणी, भेळेच्या गाड्या हे सगळं मिळेल, दर्शन मात्र रांगेत अडकेल. पहाटे गेलात तर शंभरावर पायऱ्या थंडाव्यात चढून होतात आणि देवीसमोर दोन क्षण उभं राहता येतं. ज्यांच्याबरोबर लहान मुलं आहेत त्यांनी दोन्ही वेळा जावं. मुलांना देवीपेक्षा पाळण्यात जास्त रस असतो आणि त्यात काही गैर नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी सारसबागेसमोरच्या महालक्ष्मी मंदिरात जावं. दसऱ्याला आणि लक्ष्मीपूजनाला तिथे देवीला सोन्याची साडी नेसवतात. साडीचं वजन १६ किलो आणि गर्दी त्याच मानाने.

दांडियाचे पास कुठे मिळतात असं सगळे विचारतात, भोंडल्याचं कुणी विचारत नाही. खरं तर विचारायला हवं. मध्ये पाट, पाटावर रांगोळीने किंवा खडूने काढलेला हत्ती आणि त्याभोवती फेर धरलेल्या मुली, बायका, आज्या. हा हत्ती हस्त नक्षत्राचा. २०२६ मध्ये हस्त संपता संपता घट बसतात, पण म्हणून कुणी हत्ती काढायचा थांबणार नाही. गाणी पाठ नसली तरी अडत नाही, कारण दोन गाण्यांनंतर चाल कळते आणि शब्द शेजारची पुरवते. खरी मजा शेवटी. खिरापतीचा डबा झाकलेलाच असतो आणि तो ओळखायचा असतो. घरची बाई डबा कानाशी हलवून दाखवते. गोड की तिखट, कोरडं की ओलं, असे प्रश्न सुटतात. लाडू, वड्या, चिवडा सगळं सांगून झालं की एखादी सातवीतली मुलगी शांतपणे म्हणते, ‘भिजवलेले दाणे.’ आणि तेच असतं. तुमच्या ओळखीतल्या कुठल्याही पुणेकर काकूला फोन करून ‘तुमच्याकडे भोंडला कधी आहे’ एवढंच विचारा. बोलावणं येतंच. जाताना खिरापतीसाठी एक डबा तुमचाही न्या. त्यात काय आहे ते दारात सांगू नका म्हणजे झालं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मंडईत झेंडू आणि आपट्याची पानं घ्यायला जाल तेव्हा डोळे उघडे ठेवा. आपटा म्हणून बऱ्याचदा कांचनाची पानं गळ्यात मारतात. आपट्याचं पान लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंदीला जास्त. कांचनाचं मोठं आणि मऊ. सोनं म्हणून वाटायला एक लहानशी डहाळी पुरते. गठ्ठाभर घेऊन संध्याकाळी रस्त्यावर तुडवायची असेल, तर झाडावर होती तेच बरं होतं. झेंडूच्या माळा तयार घेऊ नका. सुटी फुलं आणि सुई-दोरा घ्या. स्वस्त पडतं आणि हॉटेलच्या खोलीत रात्री हाताला काम मिळतं.

दिवाळीला येणाऱ्यांनी मात्र खाण्यापिण्याची तजवीज आधी करायची. लक्ष्मीपूजनापासून भाऊबीजेपर्यंत खानावळी, मेस आणि कितीतरी छोटी हॉटेलं बंद असतात, कारण तिथली माणसं आपापल्या गावी गेलेली असतात. पाडव्याच्या दुपारी मिसळ शोधत वणवण फिरणारे पाहुणे दरवर्षी दिसतात. राहत्या ठिकाणी जेवण मिळणार का, हे बुकिंग करतानाच विचारा. गेल्या काही दिवाळ्यांत लक्ष्मीपूजनाला मेट्रो संध्याकाळी सहाला थांबवली होती, तेव्हा त्या दिवशीची सूचना बघा आणि दिवे लागायच्या आत मुक्कामी या. रिक्षावालेही तेव्हा पूजेला घरी असतात. २०२६ मध्ये नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी, ८ नोव्हेंबरच्या रविवारी आलंय, पाडवा १०ला आणि भाऊबीज ११ला. मधला सोमवार भाकड. तो वाया जाऊ देऊ नका. सिंहगडासाठी यापेक्षा बरा दिवस मिळणार नाही. पहाटे निघा, पायथ्यापासून चढा, वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खा, ऊन चढायच्या आत उतरा. पाण्याची बाटली बरोबर न्या आणि रिकामी परत आणा.

दिवाळी पहाटेच्या मैफिली शहरभर असतात. बऱ्याच ठिकाणी प्रवेश विनामूल्य, पण प्रवेशिका चार-सहा दिवस आधीच वाटल्या जातात आणि तासाभरात संपतात. इथे पुन्हा ते हक्काचं घर उपयोगी पडतं. वर्तमानपत्रात बातमी आली की जाऊन रांगेत उभं राहणारं कुणीतरी हवं. नाहीच मिळाल्या तर पाडव्याच्या पहाटे सारसबाग आहेच. तिथे प्रवेशिका लागत नाही, पण गर्दी इतकी लोटते की लहान मुलांचा हात सोडू नये आणि खिशातला मोबाइल पुढच्या खिशात ठेवावा.

मुलं बरोबर असतील तर त्यांना किल्ले दाखवा, खरे नव्हेत, मातीचे. पेठांतल्या वाड्यांच्या आणि सोसायट्यांच्या कोपऱ्यात विटा, दगड आणि गोणपाट रचून त्यावर चिखल लिंपलेला असतो. वर अळीव पेरतात, ते तीन-चार दिवसांत उगवतं आणि गडाला हिरवळ येते. कुणी पाण्याचा पाइप आतून नेऊन खंदक वाहता ठेवलेला असतो, कुणी बुरुजाला जुन्या माळेचे दिवे लावलेले असतात. जंगली महाराज रस्त्यावरच्या संभाजी उद्यानात महापालिकेच्या स्पर्धेतले किल्ले एकत्र बघायला मिळतात, पण गल्लीतल्या किल्ल्याशेजारी बांधणारी पोरं हजर असतात, ते जास्त मोलाचं. ‘हा कुठला गड?’ एवढं विचारा आणि पंधरा मिनिटं ऐकायची तयारी ठेवा. राजगडाच्या तिन्ही माच्या तुम्हाला सांगता आल्या नाहीत तर मात्र कीव केली जाईल.

रजाच मिळाली नाही, तिकीट हुकलं, तर हळहळ नको. त्रिपुरारी पौर्णिमा २४ नोव्हेंबरला आहे. हॉटेलं मोकळी, दर उतरलेले, हवा छान. संध्याकाळी मुठेकाठच्या ओंकारेश्वरात आणि पर्वतीवर दिवे लावतात. पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत. बरोबर वातींचं पुडकं, तेलाची छोटी बाटली आणि काडेपेटी न्या, वारा असतो म्हणून दोन काड्यापेट्या. मंडईत तेव्हा तुळशीच्या लग्नासाठी आलेले ऊस, आवळे, चिंचा उरलेले असतात आणि भावात घासाघीस करायला विक्रेत्याला वेळही असतो.

परतीची खरेदी आदल्या दिवशीच उरका. बाकरवडी आणि चिवडा डब्यात भरा, पिशवीत त्याचा चुरा होतो. पणत्या वर्तमानपत्रात गुंडाळून कपड्यांच्या मध्ये ठेवा. आणि गाडीला अजून दोन तास आहेत, जरा तुळशीबागेत डोकावून येऊ, असं कुणी म्हणालं तर त्याला एकट्याला जाऊ द्या आणि तिकिटं तुमच्याकडे ठेवा.