दाबाखाली वाळूचे कण कसे फुटतात, हे संगणकावर कसे पाहावे

शंखशिंपल्यांच्या चुऱ्याची वाळू दाबाखाली चटकन फुटते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियाजवळच्या समुद्रात नॉर्थ रँकिन या वायू-फलाटाचे पाइल (पायाचे खांब) ठोकताना अशा जमिनीने त्यांना जवळजवळ अडवलेच नाही. म्हणूनच हा अभ्यास महत्त्वाचा.

साधन आहे डिस्क्रीट एलिमेंट मेथड, म्हणजे डीईएम. कंडल आणि स्ट्रॅक यांनी १९७९ साली मांडलेली ही पद्धत प्रत्येक कण वेगळा धरते आणि न्यूटनच्या नियमाने त्याला हलवते. सुरुवातीला 'याडे' हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. थोडी पायथॉन ही प्रोग्रॅमिंग भाषा यायला हवी.

आधी एकच कण. बहुतेक जण घाईने इथेच चुकतात. दोन पट्ट्यांमध्ये एकेक कण दाबून केलेल्या चाचण्यांची आकडेवारी मिळवा. निदान तीसेक कण तरी हवेत. बळ आणि दबणे यांच्या आलेखावर आधी छोटे झटके दिसतात, ते कोपरे तुटल्याचे. बळ एकदम कोसळते तेव्हा कण दुभंगलेला असतो. कोसळण्याआधीच्या सर्वाधिक बळाला व्यासाच्या वर्गाने भागले की कणाची ताकद मिळते. एकाच मापाच्या कणांतही ती खूप बदलते, म्हणून सरासरीवर भागवू नका. वायबुल वितरण बसवा, म्हणजे ताकद कणागणिक किती विखुरते हे सांगणारे संख्याशास्त्रीय सूत्र. क्वार्ट्झ वाळूसाठी त्याचा घातांक साधारण ३ येतो. त्या हिशेबाने व्यास दुप्पट झाला की ताकद निम्मी.

आता प्रत्येक कणाला या वितरणातून आपापली ताकद द्या. कणातल्या ताणाने (क्षेत्रफळामागच्या बळाने) ती ओलांडली की कण काढून जागी दोन लहान गोळे ठेवा. वस्तुमान तेच राखायचे तर प्रत्येकाचा व्यास मूळच्या ०.७९ पट हवा. मूळ जागेत ते एकमेकांत घुसलेले असतात आणि जोराने ढकलले जातात, तेव्हा पुढच्या फुटीआधी त्यांना स्थिरावू द्या. लहानात लहान कणाची मर्यादाही ठरवा, कारण कण जितका बारीक तितके गणितातले वेळेचे एकेक पाऊल लहान आणि गणित लांबलेले.

मग डबा भरा, वरून हळूहळू दाबा, आणि पोकळी गुणोत्तर (कणांच्या आकारमानाच्या तुलनेत मधल्या पोकळ्या किती) दाबाच्या लॉगरिथमसमोर मांडा. रेषा आधी सपाट आणि पुढे तीव्र उताराची हवी.

शेवटी कणांची मापे तपासा. खऱ्या वाळूत काही मोठे कण टिकतात, कारण भोवतीचे बारीक कण भार वाटून घेतात. तुमच्याकडे सगळेच मोठे कण फुटले असतील, तर तुम्ही बहुधा एका स्पर्शावरचे बळ पाहून कण फोडत आहात. पूर्ण कणातला सरासरी ताण मोजा.