अँगल ग्राइंडरनं जास्त मटेरियल काढताना

जाड वेल्ड सपाट करायचं असो की प्लेटची कड पाच-सहा मिलिमीटर उतरवायची असो, मशीन हातात घेण्याआधी एक ठरवा: हे सगळं घासूनच काढायला हवं का? ग्राइंडर लोखंडाची भुकटी करतो, त्यामुळे वेळ लागतोच. मोठा तुकडा कटिंग व्हीलनं किंवा गॅस कटरनं आधी वेगळा करा आणि उरलेलं दोन-तीन मिलिमीटर घासा. चाक वाचतं, मनगटही वाचतं.

लांब वेल्ड आणि जाड प्लेटसाठी १८० मिमी व्यासाच्या चाकाचं, म्हणजे सात इंची मशीन घ्या. कोपऱ्यात आणि अडचणीत १०० किंवा १२५ मिमीचं बरं. २३० मिमीचं मशीन खांद्याच्या वर उचलून चालवू नका. चाक अडकून मशीन एकदा झटक्यानं उडालं की ते आवरत नाही.

चाकावर छापलेला कमाल आरपीएम, म्हणजे मिनिटाला फेरे, मशीनच्या आरपीएमइतका किंवा त्याहून जास्त हवा. बहुतेक रेझिनच्या चाकांच्या कडेचा वेग सेकंदाला ८० मीटरपर्यंत चालतो, म्हणजे ताशी २८८ किलोमीटर. १२५ मिमीच्या मशीनवर गार्ड (चाकावरचं संरक्षक झाकण) काढून १८० मिमीचं चाक बसवण्याची वाईट सवय अनेक ठिकाणी दिसते. ११,००० आरपीएमला त्या चाकाची कड सेकंदाला शंभर मीटरच्या वर जाते आणि चाक फुटलं तर तुकडे अडवायला गार्डही नसतो. मधल्या धातूच्या रिंगवरची मुदतही बघा. रेझिनची चाकं साधारण ३ वर्षांची असतात, ओल लागली तर त्याआधीच कमजोर होतात.

चाक बदलताना प्लग काढा, नुसतं बटण बंद करणं पुरत नाही. फ्लँज, म्हणजे चाक ज्यावर टेकतं ती धातूची चकती, पुसून घ्या. तिथे कचरा राहिला की चाक तिरकं बसतं. ६ मिमीच्या ग्राइंडिंग व्हीलला नटची उंचवटा असलेली बाजू चाकाकडे येते, पातळ कटिंग व्हीलला सपाट बाजू. हे उलटं झालं तर पातळ चाक घट्ट बसत नाही, नट आवळलेला वाटतो तरी. गार्डची बंद बाजू तुमच्याकडे ठेवा, साइड हँडल लावा. नवीन चाक मिनिटभर मोकळं फिरवा आणि त्याच्या रेषेत कुणालाही उभं राहू देऊ नका. थरथर जाणवली तर लगेच बंद करा.

आता प्रत्यक्ष घासणं. चाक कामाशी २० ते ३० अंशांत धरा आणि लांब, सारख्या हातानं पुढे-मागे फिरवा. नव्या चाकाची कड तीक्ष्ण असते, पुढे ढकललं की ती लोखंडात रुतते. कड गोलसर होईपर्यंत मशीन फक्त स्वतःकडे ओढा. सगळ्यात जास्त चूक होते ती दाबण्यात. मशीनच्या वजनावर थोडासाच भार पुरतो. कान मोटरकडे ठेवा: आवाज खाली बसला की तुम्ही जास्त दाबताय. वेग पडला की कापण्याऐवजी रगडणं सुरू होतं, चाकाचा पृष्ठभाग चकचकीत होतो, लोखंड निळं पडतं आणि मोटर तापते. मोटर तापली असेल तर मशीन एकदम बंद न करता मिनिटभर मोकळं फिरवा, आतला पंखा तिला थंड करतो.

कटिंग व्हीलच्या बाजूनं घासू नका, अगदी छोटी बर (कापलेल्या कडेवर उरलेली धातूची खरखरीत कोर) काढायलाही नाही. ते कडेनं कापायलाच बनवलेलं असतं, बाजूचा भार आला की तडकतं. काप घेताना तुकडा असा आधार देऊन ठेवा की काप उघडत जाईल. मिटत गेला तर चाक अडकतं आणि मशीन झटक्यानं उडतं. चाक मशीनला ज्या दिशेला ओढतं, त्याच्या उलट दिशेनं सरकवा. स्वतः चाकाच्या रेषेत उभे राहू नका. काम व्हाइसमध्ये किंवा क्लँपनं पक्कं धरलेलं हवं, पायाखाली दाबून नाही.

डोळ्यांना बंद गॉगल आणि त्यावर फेस शील्ड, दोन्ही लावा. शील्डच्या खालून कण आत येतात. कानाला संरक्षण, धुळीचा मास्क, अंगाला घट्ट बसणारे सुती कपडे. गॅल्व्हनाइज्ड पत्रा, स्टेनलेस किंवा जुना रंग घासताना हवा खेळती ठेवा, ती धूळ आणि धूर छातीला वाईट. ॲल्युमिनियमला त्याचंच चाक लावा, नाहीतर धातू चाकात भरून बसतो.

ठिणग्या दहा मीटरपर्यंत जातात. चिंध्या, थिनर, गॅसच्या नळ्या तिथून हलवा. बंद ड्रम किंवा टाकी रिकामी दिसली तरी आत वाफ असू शकते; पूर्ण साफ केल्याशिवाय तिला चाक लावू नका. काम संपल्यावरही निदान अर्धा तास जागेवर नजर ठेवा.

वीज गेली तर बटण आधी बंद स्थितीत आणा. बटण चालू स्थितीत अडकवणारा लॉक तसाच राहिला तर वीज येताच मशीन जमिनीवर नाचू लागतं. एरवीही बंद केल्यावर चाक थांबेपर्यंत मशीन खाली ठेवू नका. आणि हातातून पडलेलं चाक, तडा दिसो वा न दिसो, मोडूनच टाका. नुसतं कचऱ्यात टाकलं तर कुणीतरी उचलून परत लावतो.